ऑस्टरमनच्या शेडमागची कुत्री

वासरू स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं पडलं होतं आणि लोर्ना जुन्या टॉवेलानं त्याची पाठ खसाखसा चोळत होती. पहाटे गाय उघड्यावरच व्याली होती. नेब्रास्कातला फेब्रुवारीचा वारा नव्या जिवाला दयामाया दाखवत नाही. वासराचे कान लाकडासारखे कडक झाले होते, जीभ निळी पडली होती. तिचा नवरा डॅरेल त्याच्या तोंडात बोट घालून ते चोखतंय का पाहत होता.

"सोमवारी शाळेच्या बैठकीत मी उभी ऱ्हाऊन इचारणार हाय," लोर्ना म्हणाली.

"काय इचारणार?"

"तेच. आपल्या टेसच्या वर्गात त्या दिवशी काय झालं ते."

डॅरेलनं बोट काढून घेतलं. "अगं बाई, एकदा इचारलंस ते पोटभर झालं न्हाय का? मार्च लागला की त्याच ऑस्टरमनच्या दारात जायचंय मला. पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर धरतीस?"

"आन् पोरीला कुणाच्या दारात सोडू मी? रोज सकाळी तिला त्या इमारतीत पाठिवती, आन् बस परत येईस्तवर माझं चित्त थाऱ्यावर नसतं."

"मला काय कमी भ्या वाटतंय? पर कुरण गेलं तर गाई हवेवर पोसायच्या का?"

तो बोलत होता ते खोटं नव्हतं. नदीकाठचं कुरण व्हर्लिन ऑस्टरमनचं. डॅरेलच्या बापानं ते खंडानं धरलं, पुढं डॅरेलनं चालवलं. कागद कधी झालाच नाही. मार्चच्या पहिल्या दिवशी ऑस्टरमनच्या स्वयंपाकघरात जायचं, एक कप कॉफी प्यायची, हात पुढं करायचा. त्यानं तो हातात घेतला की वर्षाची चिंता मिटली. आणि हाच ऑस्टरमन शाळा-बोर्डाचा अध्यक्ष होता.

जानेवारीत, ऐन थंडीत, टेसच्या वर्गातली पोरं एकाएकी डोकं धरून बसली. कुणी ओकलं, एक जण बाकावरून खाली कोसळला. त्यांच्या बाईंनी भराभर खिडक्या उघडल्या आणि पोरांना कोटाशिवायच बाहेर बर्फात काढलं. मग शाळा दोन दिवस बंद. घरोघर निरोप आला तो एवढाच, की ऊब देणाऱ्या यंत्राची, बॉयलरची, किरकोळ दुरुस्ती चालू आहे. त्या बाई त्यावर एक शब्द बोलेनात. बाजारात लोर्ना दिसली की त्या दुसऱ्या रांगेत वळायच्या.

त्या महिन्याच्या बैठकीत लोर्नानं विचारलं होतं. ऑस्टरमन गोड हसला. "लोर्ना, पोरी, ह्यो इषय बंद दाराआडचा हाय," म्हणाला, आणि सगळ्या गावाला बाहेरच्या बोळात काढून आतून दार लावून घेतलं.

तेव्हापासून बोटं दिसेनाशी झाली होती. इकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो नसो. तोच इथला रामराम. बायकोशी भांडून निघालेला माणूससुद्धा बोट उचलायला चुकत नाही. आता समोरून पिकअप यायची, आतला माणूस नाकासमोर बघायचा, दहाही बोटं स्टिअरिंगला चिकटलेली. लोर्नाला त्याची फार भीती वाटायची. इथं घराला घर लागून नाही. बर्फात गाडी अडकली, गाय अडली, तर जो येईल तो शेजारीच.

रविवारी दुपारी ती पलीकडच्या ओपल म्हातारीला अंडी द्यायला निघाली. रस्ता ऑस्टरमनच्या यंत्रांच्या शेडवरून जातो. आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं. शेडसमोर एकही गाडी नव्हती, पण धुराड्यातून धूर मात्र भसाभसा निघत होता.

इतक्यात शेडमागून कुत्री सुटली. भुंकत, बर्फ उडवत ती थेट तिच्या गाडीपुढं आली. लोर्नानं करकचून ब्रेक दाबला.

ऑस्टरमनचा काळा तर होताच. पण त्याच्यामागं मर्लचा तीन पायांचा जिप उड्या मारत येत होता. ग्लेन फाउस्टची पिवळी कुत्री होती, आणि फाटक्या कानाचा तो दांडगा, बँकवाल्या हार्लनचा. बोर्डावरची ही माणसं घराबाहेर पडली की कुत्रं पिकअपच्या मागच्या हौद्यात बसलेलंच. डोक्यावरच्या टोपीसारखं ते अंगाचाच भाग. गाड्या शेडमागं दडवायचं त्यांना सुचलं होतं. कुत्री दडवायची असतात हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

लोर्नानं कुत्री मोजली, चार. बोर्ड सहा जणांचं. त्यातले चौघं एके ठिकाणी बसले की ती बैठकच, आणि तिची खबर आधी गावाला द्यायची, दार उघडं ठेवायचं, लावायचं तर सगळ्यांदेखत सांगून, असा कायदा. गावातली शेंबडी पोरंही तो जाणतात.

शेडचं दार उघडलं. ऑस्टरमन सावकाश चालत आला आणि तिच्या खिडकीच्या काचेवर त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. तिनं काच खाली केली.

"कुठं निगालीस एवढ्या गारठ्यात?"

"ओपलकडं. अंडी द्यायला."

"जपून जा. रस्ता लई निसरडा झालाय." त्यानं शेडकडं एकदा मागं पाहिलं. "डॅरेल बरा हाय ना? गाई व्यात्यात का नीट?"

"व्यात्यात."

"बरं झालं. पैल्या तारखेला पाठीव त्याला. कॉफी ठिवतो." तो वाकला, त्याचा श्वास आत आला. "कुरण चांगलं हाय, लोर्ना. मागं लई जण लागल्यात."

एवढं बोलून त्यानं काळ्याला शीळ घातली. बाकीची कुत्री मात्र लोर्नाच्या गाडीभोवतीच शेपट्या हलवत राहिली. ती ऑस्टरमनचं कशाला ऐकतील?

घरी येऊन तिनं डॅरेलला सगळं सांगितलं. तो वासराला बाटलीनं दूध पाजत होता. "तू काय बी पायलं न्हाईस," तो म्हणाला. "त्यातच भलं हाय." तिलाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटतं याचाच तिला संताप आला.

सोमवारी बैठक शाळेच्या वाचनालयात होती. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. शाळेचा कारभार बघणाऱ्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी चष्मा नीट करून वाचलं, "बॉयलरची तपासणी समाधानकारक झाली असून या विषयावर अधिक चौकशीची आवश्यकता नाही." कुणी प्रश्न विचारला नाही. कुणी घसासुद्धा खाकरला नाही. बोर्डाचे सहाही हात एकदम वर.

"झालं तर," ऑस्टरमन म्हणाला. "कुणाला बोलायचंय? तीन मिनिटं मिळतील."

लोर्ना उठली. डॅरेलनं मान खाली घातली.

"बॉयलरसारखी गोष्ट," ती म्हणाली, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा सुरुवात केली. "बॉयलरसारखी गोष्ट, आन् तुमच्यात चकार शब्द झाला न्हाय. हे काल शेडमदीच ठरलं व्हतं का?"

"कसली शेड?" ऑस्टरमन हसला. "पोरी, मागल्या बैठकीनंतर आमी आजच एकमेकांची तोंडं बघतोय."

"मग मर्लचा जिप तुमच्या शेडमागं काय करत व्हता?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. लोर्नाचं तोंड आता थांबेना. "ग्लेनची पिवळी व्हती. हार्लनचा फाटका कान व्हता. आन् तुमचा काळा. का आता कुत्र्यांनीच बोर्ड चालवायला घेतलंय? तसं आसंल तर सांगा, म्या त्यांना जाऊन इचारती. ती निदान दार तरी लावून घेत न्हाईत!"

मागं एक जण फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"कुत्री भटकत्यात," ऑस्टरमन म्हणाला.

"तीन पायांनी?" ओपल म्हातारी मागून ओरडली. "सात मैल?"

मर्लचं तोंड तांबडंलाल झालं होतं. त्यानं टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली. "जिप भटकत न्हाय," तो म्हणाला. "म्या व्हतो तितं. आमी समदी व्हतो."

"मर्ल," ऑस्टरमन हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ दे, व्हर्लिन. मला झोप लागत न्हाय." तो लोर्नाकडं न बघता बोलत होता. "सप्टेंबरातच मिस्त्री सांगून गेलता. बॉयलरच्या धुराड्याला चीर पडलीय, इखारी धूर वर्गात शिरंल म्हणून. आमी म्हणलो, एवढा एक हिवाळा काढू. आन् त्या बाईला दम भरला, तोंड उघडलंस तर नोकरी जाईल म्हणून."

सप्टेंबरात. लोर्ना मटकन खाली बसली. सप्टेंबरापासून रोज सकाळी तिनं टेसची वेणी घालून, डबा भरून, तिला स्वतःच्या हातानं त्या धुरात धाडलं होतं. तिच्या भोवती सगळे एकदम ओरडायला लागले. तिला काही ऐकू येत नव्हतं. डॅरेल मात्र उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून बॉयलर बंद झाला आणि शाळा चर्चच्या तळघरात भरू लागली. त्यापुढची चौकशी कधी व्हायची ती होवो.

मार्चच्या पहिल्या दिवशी डॅरेल धुतलेला शर्ट घालून ऑस्टरमनकडं गेला. लोर्ना खिडकीशी उभी राहिली. एक कप कॉफीला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी त्याची पिकअप परत आली.

तो दारात बूट काढत बसला.

"काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"काय बी न्हाय. म्या हात केला पुढं. त्यो खिशात हात घालून बघत ऱ्हायला." डॅरेलनं आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "बराच येळ धरला म्या हात. मग आलो."

निम्म्या गाई तरी विकाव्या लागणार होत्या. कुठल्या, ते दोघांनाही न बोलता कळत होतं. आता तो बोलेल, तुझ्यापायी झालं म्हणेल, म्हणून ती भिंतीला पाठ लावून थांबली.

"आज टेसचं डोकं दुखलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"काल?"

"न्हाय. तळघरात गारठा हाय म्हणती. पर डोकं न्हाय दुखत."

डॅरेलनं मान हलवली. मग त्यानं वासराची बाटली उचलली, आणि जाता जाता तोच हात, कुणी न धरलेला, लोर्नाच्या डोक्यावर क्षणभर ठेवला.

"मग आण ते दूध," तो म्हणाला. "गरम कर जरा. वासरू वाट बघतंय."