देव्हाऱ्यातलं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे मेलेलं. माझा जीव केव्हाच गेला, पण घरच्यांनी मला फेकलं नाही, पुजलं.

कारखान्यात माझ्या कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर बसवला होता. डोकं आपटलं की तो चेपतो, मार स्वतः खातो. एकदाच. दुसऱ्यांदा त्याच्यात काही उरत नाही.

बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात कामाला जाणाऱ्या मितेशने मला घेतलं. मोपेडवरून आम्ही रोज कंटेनरच्या रांगांमधून जायचो. तो पट्टा नेहमी आवळायचा. एकदा सांडलेल्या रेतीवर मोपेड घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. मितेश उठला, कपडे झटकून घरी आला. माझा थर चेपला, बक्कल तुटलं.

त्याच्या आईने, सुमित्राबाईंनी, मला देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. गावातल्या लग्नांत धवले गाणारी ही बाई, माझ्यासाठीही दोन ओळी गायली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सून मनस्वी म्हणाली, "आये, बक्कल तुटलाय त्याचा. नवीन घेऊ ना."

"देवाला कोन भंगारात देते गो? येडी का खुली?"

झालं. बक्कलाच्या जागी गाठ मारून मितेश मला पुन्हा घालू लागला. पोलिसाला लांबून गाठ दिसत नाही.

यंदा शेजारच्या गावात हळद होती. सुमित्राबाई मोपेडवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसल्या. मितेश स्वतः बोडक्या डोक्याने निघाला आणि मला आईला दिलं. "तूच घाल, आये. मना वाचवला यानं, तुला पन वाचवील."

अंबाड्यावर जाड वेणी. मी नीट बसेना.

रस्त्याकडेचा ट्रेलर अचानक मागे सरकला. मितेशने ब्रेक दाबला. वेग असा नव्हताच हो, एखादा सायकलवालाही बरोबरीने आला असता. मोपेड आडवी झाली, गाठ सुटली. मी एकीकडे, सुमित्राबाईंचं डोकं थेट फुटपाथच्या कडेवर. मितेशचा हात मोडला.

लोक जमले. "हेल्मेट व्हता तरी?"

"नशीब, दुसरा काय!"

नशिबाच्या नानाची टांग! तुटलेलं बक्कल घरात सगळ्यांना दिसत होतं.

ऑपरेशन झालं. सुमित्राबाईंचा जीव वाचला, शब्द गेले. पोरी ओट्यावर येऊन धवल्याची पहिली ओळ म्हणतात. पुढची सुमित्राबाईंच्या ओठांपर्यंत येते आणि तिथेच सांडते. पोरी मान खाली घालून निघून जातात.

परवा मितेशची बहीण उन्नती मोपेडवरून खारघरला कॉलेजला निघाली. मितेशने मला पुसलं, कुंकू लावलं. "घे. आयेचा जीव यानंच राखला."

उन्नतीने मला घातलं. तेवढ्यात सुमित्राबाईंनी माझा पट्टा मुठीत धरला.

"आये, सोड ना, लेट होतंय!"

"न... न..."

मूठ सुटेना. मनस्वीला समजलं. तिने मला उन्नतीच्या डोक्यावरून उतरवलं, आतून कोयता आणला आणि ओट्यावर ठेवून फोडलं. चेपलेला थर उघडा पडला.

"बगा तुमचा देव," ती मितेशला म्हणाली.

उन्नती रिक्षाने गेली.

मित्रांनो, एकदा आपटलेलं हेल्मेट पुजू नका, प्रेमाने कुणाला देऊही नका. फोडा. नवीन आणा, पट्टा हनुवटीखाली आवळा, मागे बसणाऱ्यालाही धड हेल्मेट द्या. तुमच्या भक्तीने फुटपाथ मऊ होत नाही.

आता मला कुणीच घालू शकत नाही. बरं झालं.