रिकामा खुंटा

दिपाली माळ तुडवत चुलत्याच्या वस्तीवर आली ती भांडायच्या तयारीनंच. बाप, अंगद, उन्हाळ्यात गेला. नागापूरच्या कारखान्यात जन्म घालवला त्यानं, पण गावचं नाव काढलं की मानेवरनं हात फिरवायचा. त्याच्या वाटणीची जमीन तिला पाहिजे होती. आईला घेऊन भाड्याच्या खोलीत किती दिवस कुजायचं?

सूर्यभानतात्या गोठ्यात होता. दोन गाया एका भिंतीला चिकटून उभ्या. पलीकडं तिसरा खुंटा, त्याला नुसतंच दावं. फास आतनं चकचकीत, कालच कुणाच्या मानेला घासल्यासारखा. त्याच्यापुढं लंकाकाकी हिरवागार चारा टाकत होती.

"जमीन हाय की," तात्या म्हणाला. "तुज्या बापालाच नको हुती."

"का?"

"ह्यो खुंटाबी वाटनीत येतो म्हून."

दिपालीला हसू फुटलं. "काकी, चारा कुनाला, भुताला?"

"आमाला तरी कुटं दिसतंय बाई. सकाळी गव्हान साफ आसती, येवडं खरं."

"मंग देऊन टाका की दावं कुनाला."

"देता येत न्हाई," काकी म्हणाली. "घोडेगावच्या बाजारात बगितलं न्हाई व्हय? जनावर इकत्यात, दावं ठिवून घेत्यात. पर कुनी हून आपल्या हातानं दावं न्हेलं, की मागचं समदं त्याच्या मागं जातं."

"मला येडी समजता का? भ्या दाखवून जमीन दाबायची व्हय?" दिपालीचं डोकं सणकलं. पुढं होऊन तिनं गाठ सोडली, दावं हिसडून हाताला गुंडाळलं. "हे घ्या. न्हेलं. आता बोला."

तात्या जागचा हलला नाही. काकीनं पदर तोंडाला लावला. दिपालीला वाटलं, रडतीय. ती हसत होती.

मागं भिंतीला चिकटलेल्या गाया सुटवंग झाल्या अन् गोठ्याच्या मधोमध येऊन निवांत बसल्या.

"सही करतो," तात्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. "समदी जमीन तुजी. आमी दोगं उद्या निगतो."

"कुटं?"

"कुटंबी."

दिपाली तडक रस्त्याला लागली. ऊन डोक्यावर होतं. बांधाच्या कडेला तिनं हाताचे वेढे सोडले, दावं फेकायला मूठ उघडली. दावं पडलं नाही. मागनं कुणीतरी संथपणे रवंथ करत येत होतं. ती थांबली की तेही थांबायचं.

जीप आली. ड्रायव्हर मच्छिंद्र ओळखीचा, सकाळी त्यानंच सोडलेलं. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं. आतल्या बायका सरकून एका कोपऱ्यात गेल्या.

"तू बस ताई," तो खाली बघून म्हणाला. "पर त्ये जनावर गाडीत न्हाई घेता यायचं."

दिपालीनं मागं वळून पाहिलं नाही. हातातलं दावं हळूच ताणलं गेलं, माळाकडं.

तिचा दुसरा हात आपोआप मानेवर गेला.