तांबड्या पक्ष्याची खूण

मी एक जुना पत्ता आहे, चित्रांच्या पत्त्यांच्या खेळातला. वय म्हणाल तर जेमतेम सात वर्षं, पण आमच्या जातीला सातव्या वर्षीच म्हातारपण येतं. माझा एक कोपरा दुमडलेला आहे, अंगावर सुतळीचा वळ आहे आणि पाठीला भाताचं तूस कायमचं चिकटलं आहे. मित्रांनो, मी जन्मापासून असा नव्हतो.

माझा जन्म फार दूर, एका मोठ्या नदीकाठच्या छापखान्यात झाला. त्यातलं मला थोडंच आठवतं. शाईचा वास, यंत्राचा एकसारखा ठेका, आणि आपण पुष्कळजण आहोत एवढी पुसट जाणीव. माझ्यावर एक तांबडा पक्षी छापला आहे. तो पाण्यात एका पायावर उभा आहे, दुसरा पाय पोटाशी घेतलेला, डोळे अर्धे मिटलेले. तो झोपेत आहे की जागा, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं. खाली तीन ओळी मजकूर आणि कोपऱ्यात आकडा, एकशे सात. हा खेळ जगभर खेळतात आणि नाना भाषांत छापतात. माझ्या वाट्याला चिनी भाषा आली.

त्या भाषेपायीच मी भोरला पोहोचलो. भोरमध्ये प्रद्युम्न नावाचा एक मोजणीदार राहतो. डोंगरातल्या गावांत जाऊन शेतं मोजायची, हद्दी ठरवायच्या, बांधावर खुणेचे दगड रोवायचे, हे त्याचं काम. पस्तिशी ओलांडलेला हा गृहस्थ आमच्या खेळाच्या फक्त चिनी आवृत्तीचे पत्ते जमवायचा. का, तर ती अक्षरं त्याला शेतांच्या नकाशासारखी दिसत. चौकोनात चौकोन, मधून बांध, कडेने ओढा. त्याला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. चित्र आणि आकडा पाहून तो आम्हांला ओळखायचा. एकशे एक ते एकशे नऊ असं नऊ पत्त्यांचं एक पान त्याच्या वहीत होतं आणि त्यातला एकच कप्पा रिकामा होता. तो माझा.

समुद्राकाठच्या एका शहरातल्या मुलीकडे मी होतो. प्रद्युम्नने तिला आपल्याकडचे दोन पत्ते पाठवले आणि तिने मला पाकिटात घालून टपालात टाकलं. देवाणघेवाण हा जमवणाऱ्यांचा धर्मच आहे. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

पाकीट हाती आलं त्या दिवशी त्याला वेल्ह्याकडे पासली गावी मोजणीला जायचं होतं. दुपारी बांधावर डबा खाताना त्याला राहवेना. त्याने मला बाहेर काढलं, उन्हात धरलं आणि हसला. कोणी माझ्याकडे पाहून असं हसल्याचं मला त्याआधी आठवत नाही. तेवढ्यात डोंगरावरून वारं आलं आणि मी त्याच्या बोटांतून सुटलो. आधी वर गेलो, मग भाताच्या कापलेल्या धसांवरून घरंगळत पुढे, आणि शेवटी करवंदीच्या जाळीत जाऊन पडलो.

तो दोन तास शोधत होता. शेताची मालकीण फुलाबाई तिथे आली आणि काय हरवलं म्हणून विचारू लागली. आता एवढ्या मोठ्या माणसाने, तेही सरकारी, पक्ष्याचं चित्र हरवलं असं सांगायचं कसं? तो म्हणाला, मोजणीचा कागद उडाला. बिचारी फुलाबाई पदर खोचून त्याच्याबरोबर शोधायला लागली. एकदा तर तिची नजर थेट माझ्यावरून गेली. पण ती सहीशिक्क्याचा कागद शोधत होती. माणूस जे शोधतो तेच त्याला दिसतं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी गवत कापताना तिचा पाय माझ्यावर पडला. तिने पटकन मला उचलून कपाळाला लावलं, कारण अक्षराला पाय लागू द्यायचा नसतो. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण माझ्यापुढे भोरचा साहेबही तिच्याइतकाच अडाणी होता. तिने मला उलटसुलट पाहिलं. पाण्यात उभा असलेला पक्षी पाहून तिला काहीतरी सुचलं आणि ती मला घरी घेऊन आली.

फुलाबाईच्या ओटीवर फळीवर दोन सारखे पत्र्याचे डबे होते. एकात हळव्या भाताचं बी, लवकर पिकणारं, वरच्या माळाच्या शेतासाठी. दुसऱ्यात गरव्याचं, उशिरा पिकणारं, अखेरपर्यंत पाण्यात उभं राहणारं, ओढ्याकाठच्या खाचरासाठी. हे बी तिच्या सासूच्या सासूपासून घरात चालत आलेलं, कुठल्या दुकानात मिळायचं नाही. दोन्ही बियाणी दिसायला जुळी. पूर्वी फुलाबाई एक दाणा चावून सांगायची. आता दात गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पिवळं आणि तांबडं एवढंच लांबून धड दिसे. म्हणून हळव्याच्या डब्यावर काड्यापेटीचं पिवळं चित्र होतं. गरव्याला खूण नव्हती. तिने डब्याच्या तोंडावर फडकं बांधलं, वर मला ठेवलं आणि सुतळीत खोचलं.

त्या फळीवर मी तीन वर्षं होतो. ती तीन वर्षं मला एखाद्या लांबलचक दुपारसारखी वाटतात. माझ्या पाठीखाली फडकं, फडक्याखाली कडुलिंबाचा वाळका पाला आणि त्याखाली झोपलेलं बी. बी झोपेत श्वास घेतं, हे मला तिथे कळलं. त्याची ऊब पाठीला लागायची. हळूहळू त्याची स्वप्नं मला पडू लागली. पाणी चढायचं, चिखल मऊ व्हायचा, माझा पक्षी दुमडलेला पाय सोडून खाचरात चालायला लागायचा. चूल पेटली की धूर येई, मग मी धुरातल्या डोंगराचं स्वप्न पाही. वर्षातून एकदा, पेरणीच्या दिवशी, फुलाबाई मला बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "तांबड्या, हायेस न्हवं जागेवर?" मी होतोच. मला तेवढंच काम होतं आणि ते मला आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात शेजारच्या हद्दीचं काम निघालं आणि प्रद्युम्न पुन्हा आला. फुलाबाईने त्याला ओटीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. त्याने सहज वर पाहिलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. हरवलेलं माणूस जत्रेत दिसावं तसा तो उठून उभा राहिला.

तो चोर नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. मागून घ्यायला त्याला लाज वाटली, कारण मग तीन वर्षांपूर्वीचं खोटंही सांगावं लागलं असतं. फुकट घेणंही त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या डायरीत एक जादा पत्ता होता, सोनेरी टेकडीवर उगवणारा सूर्य, पिवळाधमक, कोरा करकरीत, प्लॅस्टिकच्या कव्हरासकट. त्याने मला काढलं आणि त्याच सुतळीत तो खोचला. मळक्याच्या बदल्यात नवा दिला, म्हणजे व्यवहार चोख झाला असं त्याला वाटलं. मग त्याने चहा घेतला आणि तो निघाला. त्याच्या खिशातून मला दोन डबे दिसत होते आणि दोन्हींवर पिवळी खूण होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

भोरला त्याने मला कापसाने पुसलं आणि सातव्या कप्प्यात सरकवलं. पान पुरं झालं. सगळे शेजारी स्वच्छ होते, गुळगुळीत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. तिथे वास नव्हता, ऊब नव्हती. तिथे मला एकच स्वप्न पडायचं. माझा पक्षी कोरड्या माळावर उभा आहे आणि पाणी कुठे आहे ते त्याला आठवत नाही.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी त्याने कौतुकाने ते पान बायकोला दाखवलं. सुलक्षणा त्याच्या या नादाची नेहमी थट्टा करायची. या वयात चित्रं चिकटवता, उद्या गोट्या आणाल, असं म्हणायची. पण माझ्यावर तिची नजर थांबली. तिने मला बाहेर काढलं, सुतळीच्या वळावरून बोट फिरवलं, पाठीवरचं तूस नखाने टोकरून पाहिलं. तिचं माहेर गुंजवण्याचं, तिथेही अशीच भाताची शेती.

"हा कुठे होता?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. एका म्हातारीने डब्यावर लावला होता, शोभेला. त्याने बदल्यात चांगला दिला.

"शोभेला?" सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली. "आमची आई बियाण्याच्या मडक्याला बांगडी बांधायची. हिरवी एकाला, लाल दुसऱ्याला. तुम्ही तिची खूण काढून आणलीत."

खूण म्हणजे काय, हे प्रद्युम्नला कोणी शिकवायची गरज नव्हती. आयुष्यभर त्याने दुसरं केलंच काय होतं? त्याने पिवळी काड्यापेटी आठवली, पिवळी टेकडी आठवली आणि बाहेरचा पाऊस पाहिला. पेरणी केव्हाच झाली असणार. आता आवणी, म्हणजे रोपं उपटून शेतात लावणं, सुरू व्हायची वेळ होती. गरवं माळावर लागलं, तर दाणा भरायच्या आत पाऊस जाऊन ते करपणार. हळवं खाचरात लागलं, तर पाण्यातच पिकून झडणार. वर्षाचा तांदूळ जाईल, आणि सासूच्या सासूचं बीही जाईल. त्याने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात घातलं आणि गाडी काढली.

पासलीला पोहोचलो तेव्हा वरच्या वाफ्यातली रोपं उपटून त्यांच्या जुड्या माळाच्या शेतात टाकल्या होत्या. बायका ओळीने वाकायच्याच बेतात होत्या. बांधावर प्लॅस्टिकची खोळ पांघरून फुलाबाई उभी होती. प्रद्युम्न चिखल तुडवत गेला आणि थांबा म्हणाला. मग सगळ्यांसमोर त्याने सगळं सांगितलं. उडालेला कागद मोजणीचा नव्हता इथपासून.

फुलाबाईने मुलाला हाक मारली. हनुमंत शिरवळला कंपनीत जातो, पण यंदा तिची नजर आणखी अधू झाली म्हणून पेरणीला तोच एक दिवस रजा काढून आला होता. त्याने कुठला डबा कुठं पेरला, असं तिने विचारलं.

"पिवळी खूण वर म्हनली व्हतीस," तो म्हणाला. "चकचकीत पिवळी दिसली, त्यो डबा वर पेरला. उरल्याला खाली. दुसरी खूण म्या बघितलीच न्हाई."

फुलाबाईने हात पुढे केला. प्रद्युम्नने मला तिच्या ओल्या तळहातावर ठेवलं. तिने मला डोळ्यांजवळ नेलं, अगदी जवळ, आणि तांबडा रंग ओळखला.

"सायेब," ती म्हणाली, "बांधावरचा दगड कुनी हलवला तर तुमी नोटीस काढता. माझा दगड तुमी हलवलासा."

प्रद्युम्नने मान खाली घातली. त्याने सबब सांगितली नाही, हे मला बरं वाटलं.

मग ती वळली आणि तिने बायकांना सांगितलं की वरची रोपं खाली न्यायची आणि खालची वर आणायची. अख्खा दिवस जुड्या डोक्यावरून चढत-उतरत राहिल्या. प्रद्युम्नने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तोही वाहत राहिला. तो तीनदा घसरून पडला. तिसऱ्या वेळी बायका हसल्या आणि फुलाबाईसुद्धा हसली.

संध्याकाळी ओटीवर तिने मला त्याच्यापुढे धरलं. "तुमचंच हाय, घिऊन जा. मी तांबडी चिंधी बांधीन, मला तेवढंबी पुरतंय."

मित्रांनो, खरंच पुरलं असतं. त्या डब्याला माझ्यावाचून काही अडलं नसतं, आणि प्रद्युम्नने मला जगभर शोधलं होतं. त्याने मला हातात घेतलं. माझ्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मी वाट पाहत राहिलो.

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "एकदा ठरलेली खूण बदलायची नसते."

मग त्याने फळीवरचा गरव्याचा डबा खाली घेतला. पिवळा पत्ता काढून खिशात टाकला, रिकाम्या डब्याच्या तोंडावर फडकं बांधलं आणि मला सुतळीत खोचलं. सुतळी ओढून पाहिली, दगड रोवल्यावर तो हलवून पाहतो तशी.

त्या वर्षी दोन्ही शेतं पिकली. दिवाळीनंतर डब्यात नवं बी आलं आणि माझ्या पाठीला पुन्हा ऊब लागली. आता प्रद्युम्न दरवर्षी एकदा येतो, बरोबर सुलक्षणाही असते. त्याच्या वहीतला सातवा कप्पा रिकामा नाही, असं तिनेच फुलाबाईला सांगितलं. तिथे त्याने मोजणीच्या कागदावर लिहितो तशा अक्षरात एक चिठ्ठी घातली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, "एकशे सात. पासली. खूण जागेवर आहे."

मुलांनो, तुम्हीही काही ना काही जमवत असाल. जरूर जमवा, आम्हांला स्वच्छ ठेवा, उन्हापावसात टाकू नका. पण दुसऱ्याच्या घरी एखादी जुनी, मळकी वस्तू दिसली, तर तिला हात लावण्याआधी विचारा की ही इथे कशाला आहे. विचारायला लाज वाटू देऊ नका. आता मला झोप येते आहे. पाठीखालचं बी केव्हाच झोपलं आहे, पाणी चढू लागलं आहे, आणि पक्ष्याने दुसरा पायही खाली टेकवला आहे.