सहावा दिवस मला दिसत नाही

मी हवामानाचा अंदाज बोलतोय. ज्याच्यावर तुमचा विश्वास नसतो आणि ज्याला बघितल्याशिवाय तुमचा सकाळचा चहा संपत नाही, तोच मी.

माझं आयुष्य पाच दिवसांचं. यंदा ऐन थंडीत जन्मलो. उपग्रहांची चित्रं, वाऱ्यांची मापं, कुठल्याकुठल्या डोंगरांवरचे पारे यांतून मला घडवलं आणि जन्मताच देशभर पसरवून दिलं. वर बर्फ, मैदानात दाट धुकं, मराठवाड्यात कोरडी थंडी, दक्षिणेला नुसता गारवा. त्या गारव्यातही काहीजण कानटोपी चढवतात, आणि वर डोंगरातली माणसं तेवढ्याच पाऱ्याला ऊन खात बसतात.

देश एवढा मोठा, पण माणूस माझ्यात एकच गाव शोधतो. ते गाव नेहमी त्याचं स्वतःचं असतंच असं नाही.

छत्रपती संभाजीनगरातले मधुसूदनराव बँकेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी मोबाइलवर मला उघडून ते बायकोला, उमाताईंना, मोठ्यानं वाचून दाखवायचे. "आपल्याकडे अकरा अंश. शाल घे." चंदीगड मात्र गिळून टाकायचे. त्यांची लेक चारुता तिथं नोकरीला, आणि तिथं मी 'अतिदाट धुकं' सांगत होतो. मधुसूदनराव अंघोळीला गेले की उमाताई चष्मा लावून आधी चंदीगडच बघायच्या. दोघांनाही सगळं ठाऊक होतं, पण विषय कोणीच काढत नव्हतं.

चारुता हुरड्याला यायची होती. करमाडला त्यांची थोडी जमीन आहे, हनुमान ती कसतो. हुरड्याचंही माझ्यासारखंच. कणसात दूध आहे तोवर त्याची गोडी, मग दाणा टणक होतो आणि ती नुसती ज्वारी उरते. गेले काही हिवाळे चारुताचा हुरडा हुकतच आला होता. म्हणून यंदा हनुमाननं तिच्यासाठी एक तुकडा मुद्दाम उशिरा पेरला होता.

तिचं विमान रद्द झालं. दुसऱ्या दिवशीचंही झालं. "आई, समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाहीये गं," ती फोनवर म्हणाली. उमाताईंनी कुटलेली लसणाची चटणी बरणीत तशीच राहिली.

मी खरा ठरत होतो. चुकलो की लोक मला नावं ठेवतात, पण या वेळी मला चुकायचं होतं. फार वाटत होतं. अंदाजाला मात्र आपल्या मनासारखं बोलता येत नाही.

आज माझा शेवटचा दिवस. मधुसूदनरावांनी पहिल्यांदाच चंदीगड मोठ्यानं वाचलं. "दुपारनंतर धुकं विरळ होण्याची शक्यता." उमाताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. चारुतानं उद्याचं तिकीट काढलं. मग उमाताईंनी हनुमानला फोन लावला.

"काकू, आता त्या तुकड्याचाबी दाना टनक झालाय. आगटीत भाजला तरी हुरडा नाय व्हायचा. उद्या समदं काढून घेतो."

"माहितीये हो. पण एक ओळ उभी ठेवा. ती येईल, स्वतः खुडेल. चावत बसेल हवं तर."

"ठिवतो. आगटी बी पेटवतो. येऊ द्या ताईला."

उद्या माझ्या जागी नवा अंदाज येईल आणि मधुसूदनराव त्याला वाचतील. ते विमान उडालं का, चारुता त्या ओळीपाशी पोचली का, हे मला कधीच कळणार नाही. मी पाचच दिवसांचा. तुम्ही मात्र सहाव्या दिवशी असाल. करमाडवरून जाणं झालं, तर त्या शेतातून धूर निघतोय का, तेवढं माझ्यासाठी बघा.