भातावर बसणारी पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, कपड्यांचीही नव्हे. भाताच्या रोपांवर पालथी बसून शेतातून निघणारी हवा अडवणारी, पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी. माझ्या पोटातली हवा सिरिंजने ओढून घेतात आणि पृथ्वीला तापवणारा मिथेन वायू तिच्यात किती आहे, ते प्रयोगशाळेत मोजतात. आहे की नाही मानाची नोकरी?

मला घडवलं दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एकाने. "मासे पाळणार का यात?" त्याने विचारलं. माझी मालकीण, म्हणजे ताई, नुसतीच हसली. ती भात संशोधन केंद्रात काम करते.

ताईने मला पहिल्यांदा नेलं ते तिच्या बाबांच्याच शेतात. बाबांना आपल्या शेणखताचा भारी अभिमान. "आपला कारभार एकदम निर्मळ," असं ते चारचौघांत सांगायचे. पण त्या हंगामात त्यांनी घाईघाईने न कुजलेलं शेण साचलेल्या पाण्यात टाकलं होतं. शेजारच्या बिनखताच्या वाफ्यापेक्षा कितीतरी जास्त मिथेन माझ्या पोटात जमला. ताईने तसं स्पष्ट सांगितलं आणि बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. मला फार वाईट वाटलं, पण खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही.

पुढच्या मोजणीला ताई पोहोचायच्या आत बाबांनी मला गुपचूप उचललं आणि त्या बिनखताच्या वाफ्यात नेऊन ठेवलं. आता मी बसते ती चिखलात पुरलेल्या चौकटीत, म्हणजे हवा निसटत नाही. इथली चौकट घाईत बाबांना दिसलीच नाही. मी आपली तिरकी उभी!

"बाबा, पेटी कुणी हलवली?"

"वाऱ्याने हलली असेल."

"वाऱ्याची पावलं बरी उमटली चिखलात!"

बाबा खाली बसले. "लोक काय म्हणतील गं? जन्मभर शेणखताचे गोडवे गात आलो."

"खत वाईट नाही, बाबा. ते कच्चं होतं आणि पाणीही सारखं तुंबलेलं होतं. पुढच्या वेळी नीट कुजवू आणि मधून मधून शेतातलं पाणी काढून टाकू."

बाबांनी ऐकलं. ढीग खालीवर करत करत खत पुरतं कुजवलं. पुढच्या हंगामात लोंब्या दाण्यांनी वाकल्या आणि माझ्या पोटात मिथेन अगदी थोडा आला. मला तर आकाश ठेंगणं झालं.

आता माझ्या अंगावर ओरखडे पडलेत, उन्हाने मी पिवळी पडलेय. तरी आज शेतकऱ्यांच्या बैठकीत मला मधोमध ठेवलंय. मला खुशाल भंगारात टाका, पण आपल्या माणसाचं मोजतानाही आकडा बदलू नका.

ताई यंदाचा आकडा सांगायला उठली, तोच बाबांनी हात वर केला.

"आधी मागचा सांग. आणि शेत कुणाचं, तेही सांग."