साडेतेवीसची रेघ

एक लोखंडी पट्टी, खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत अडकवलेली.

"श्वास सोडा साहेब. पोट आत ओढून माप दिलंत, तर जेवायचं कधी?"

एक सूत आखूड चेन.

पाचपैकी दोन तारे.

आरशासमोर उभे असलेले एक आजोबा, हातांच्या बोटांपर्यंत बाह्या आलेले.

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच कपड्याचे आहेत. ते जोडायला मला हात नाहीत आणि सांगायला तोंड नाही. अंगावर साठ आकडे आहेत, बस. मी एक जुनी टेप आहे, शिंप्याची.

इंच १

कारखान्यात एका कापडी फितीवर पिवळं रोगण चढलं, त्यावर काळे आकडे उमटले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसल्या आणि माझा जन्म झाला. मास्तरांनी मला विकत घेतलं आणि गळ्यात टाकलं. तेव्हापासून माझा मुक्काम तिथंच. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, एक मशीन, एक इस्त्री, एक खिडकी. मास्तर खाली वाकले की मला जमीन दिसायची, सरळ झाले की गिऱ्हाइकाची हनुवटी. माझं जग एवढंच होतं.

पण काम छान होतं. मी जाड खांद्यांवरून गेले, बारीक मनगटांभोवती फिरले. मास्तर माप घेता घेता थट्टा करायचे, माणूस हसला की अंग सैल सोडायचा आणि तेवढ्यात ते माप टिपून घ्यायचे. "मास्तरांचा हात म्हणजे हात," असं लोक म्हणत. त्या हातात मी होते, हे कुणी म्हणत नसे. माझी तक्रार नव्हती.

इंच ७

मग मी वाढले.

मुलं वाढली की घरात कौतुक होतं. टेप वाढली की कुणाला पत्ताच लागत नाही. रोजचा घाम, इस्त्रीची वाफ आणि रोजची ओढाताण यांनी मी हळूहळू सैल होत गेले. गंमत म्हणजे मलाही ते कळलं नाही. माझे सगळे आकडे एकदमच सरकले. सातनं सहाकडे पाहिलं, तर तो आपला शेजारीच.

एक दिवस मास्तरांनी पाकिटातून पँटला लावायची सात इंची नवी चेन काढून माझ्याजवळ ठेवली. ती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरली.

"हल्ली चेनीसुद्धा आखूड बनवतात," मास्तर म्हणाले. "माणसांची नियत आखूड झाली, तर चेनीचं काय घेऊन बसलात!"

मला तेव्हा कळलं, चेन सातच इंच होती, ताणली गेले होते ती मी. मित्रांनो, आपण खोटं बोलतोय हे कळणं आणि थांबता न येणं, याच्याइतकी दुसरी कोंडी नाही.

तरीही कपडे अंगाला नीट बसत होते. कारण साधं आहे. माणूस मापायला मीच आणि कापड मापायलाही मीच. दोन्हीकडे तीच चूक, म्हणून चूक दिसेना.

इंच २४

लोक तयार कपडे घेऊ लागले. दारावरची घंटा वाजेनाशी झाली. तेव्हा मास्तरांच्या सूनबाई पुढच्या खोलीत आल्या आणि फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाबा, गिऱ्हाईक दारात येत नाही ना? मग आपण त्याच्या फोनात जाऊ."

"आणि माप? फोनात हात घालून घेऊ?"

"तेच पाठवतील. अंगाला बसणारा जुना शर्ट पसरायचा, टेप लावायची, आकडे कळवायचे."

सूनबाईंनी फार निगुतीनं काम केलं. ज्यानं आपल्याला पाहिलेलं नाही, त्यानं आपल्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारत. म्हणून त्या शिलाईची आतली बाजूही फोटोत दाखवत. रंग फोटोत जरा गडद दिसतो, हे आपणहून लिहीत. आणि प्रत्येक शर्टावर मला पसरून फोटो काढत. खाली ओळ असे: 'जेवढं सांगाल, तेवढंच शिवू.'

म्हणजे मित्रांनो, त्या घरानं जगाला दिलेला शब्द मी होते.

पहिला शर्ट परत आला, पानावर पाचपैकी दोन तारे देऊन. मग दुसरा. कॉलर सैल, बाही तळव्यावर, छाती ढगळ. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं, पण सगळं मिळून शर्ट दुसऱ्याचाच वाटायचा. सातवा परत आला, तेव्हा ज्या अॅपवर दुकान होतं, त्यांचा निरोप आला: आणखी एक शर्ट परत आला, तर तुमचं पान बंद.

"जाड स्वेटरावरून मापं घेतात लोक!" मास्तर कडाडले.

"सात जण, बाबा? सातही जण स्वेटर घालून?"

"मग तू आकडे उतरवताना घोळ घातला असशील. चष्मा लावत जा."

सूनबाई तोंडातला दोरा दातांनी तोडत पुटपुटल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. दोरा कच्चा आहे म्हटलं."

मग त्यांनी परत आलेला शर्ट पसरला आणि बाहीवर मला ठेवलं. माझी पत्र्याची टोपी शिवणीवर, चोविसाचा आकडा नेमका कफाच्या टोकावर. मी किंचाळले असते. पण टेपला पसरलं तेवढंच पसरायचं असतं.

"चोवीसच आहे," सूनबाई हताशपणे म्हणाल्या. त्यांनी माझा फोटो काढून सातही गिऱ्हाइकांना पाठवला: आमच्याकडे बरोबर भरतं, आपण पुन्हा मोजावं.

इंच साडेतेवीस

आठवा निरोप एका चित्रकलेच्या बाईंचा होता. सूनबाईंनी तो मोठ्यानं वाचला.

"शर्ट वडिलांसाठी होता. मोठ्या आजारातून उठलेत. घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, मी आणखी वाळलो गं. त्या दिवशी जेवलेच नाहीत. मी त्यांच्या जुन्या शर्टावर पुन्हा टेप लावली. आकडे तेच आले, जे तुम्हाला पाठवले होते. ते वाळलेले नाहीत. शर्ट अजून परत पाठवलेला नाही. रागावू नका, पण तुमची टेप एकदा पट्टीला लावून बघाल का?"

"टेपला काय धाड भरलीय?" मास्तर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. तेही त्याच वयाचे होते. त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि फटीतली लोखंडी पट्टी ओढून काढली.

खिडकी धाडकन आपटली.

दोन फुटांची पट्टी. इतकी वर्षं ती माझ्यापासून तीन हातांवर होती, दार धरून उभी. लोखंड वाढत नाही. मास्तरांनी मला तिच्या कडेला ठेवलं आणि अंगठ्यानं दाबत नेलं. पट्टीचे चोवीस इंच संपले, तेव्हा माझ्यावर साडेतेवीसचीच रेघ होती.

"कुंपणानंच शेत खाल्लं," मास्तर म्हणाले आणि सवयीनं मला गळ्यात टाकून स्टुलावर बसले.

मग म्हणाले, "नवी टेप आण. कुणाला सांगू नकोस. चाळीस वर्षं कपडे शिवणारा मास्तर आणि टेप तपासत नाही! लोक हसतील."

"हसू देत, बाबा. आपण सात जणांना सांगितलं, तुम्हाला मोजता येत नाही. त्यांना काय सांगायचं?"

मास्तर पट्टीवरचा गंज अंगठ्यानं खरवडू लागले.

"आणि त्या आजोबांना?"

मास्तरांनी मला गळ्यातून काढलं. "लिही," ते म्हणाले. "मी सांगतो तसं. त्यांचं पहिलं लिही."

दुकानाच्या पानावर पट्टी आणि मी, शेजारी शेजारी, असा फोटो लागला. खाली मास्तरांचे शब्द होते: 'मापं तुमची बरोबर होती. टेप माझी चुकली. आठही शर्ट नवे शिवतोय. पहिला आजोबांचा.'

दोघांनी खिल्ली उडवली. एकानं ऑर्डर रद्द केली. नवा शर्ट पोचल्यावर बाईंचं उत्तर आलं, "बाबा म्हणाले, मास्तरांना सांग, कॉलर गळ्याला नेमकी बसली. आज दोन घास जास्त जेवले." पान बंद झालं नाही.

इंच ६०

आता मी मास्तरांच्या समोरच्या भिंतीवर आहे. दोन्ही टोकांना खिळे, हलायची सोय नाही. खिडकीला लाकडाचा तुकडा लावलाय. पट्टी टेबलावर असते आणि दर पहिल्या तारखेला नवी टेप तिच्यावर अंथरून सूनबाई फोटो टाकतात. नवी टेप तरुण आहे, तिला हा प्रकार अपमान वाटतो. मला तिला सांगायचंय की बाई, हे भाग्य आहे. पण तोंड नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा आहे, त्यालाच अधूनमधून पट्टीला लावा. रागानं नको, मायेनं. त्याला आपण होऊन सांगता येत नसेल.

मला विकत आणलं त्या दिवशी मास्तरांनी मला याच लोखंडी पट्टीवर मोजून घेतलं होतं: पट्टी दोनदा पूर्ण, एकदा अर्धी. मी बरोबर साठ इंच होते.