डाव्या बाजूचा टेकू

आमच्या दादाला बाबांची आठवण क्वचित येते, पण आली की चारचौघांना कळल्याशिवाय राहत नाही. यंदा ती मोटरसायकलच्या रूपाने आली. बाबांची जुनी गाडी वर्षानुवर्षं माझ्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला होता, टाकी गंजून चाळण झाली होती, आणि दादाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मग तो जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा क्लबात जायला लागला आणि त्याला एकदम पाझर फुटला.

"बाबांची गाडी आहे गं," तो म्हणाला. "कारखान्यातून आली होती तशी करायची तिला. अगदी ओरिजनल."

'करायची' म्हणजे मी करायची, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. शेड माझी, हत्यारं माझी. मी मोटारी गुंडाळते. पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारींतली तार काढून नवी भरायची, हा माझा धंदा. बसून करता येतो म्हणून बाबांनी तो मला शिकवला. लहानपणी एका तापात माझा डावा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असतो आणि गुडघा वाकत नाही. पाय गेला त्याची भरपाई हातांनी केली, म्हणून दादाला माझे हात फार आवडतात.

इंजिन मेकॅनिककडे गेलं, चाकं गेली, टाकी गेली, आणि शेडमध्ये उरली नुसती फ्रेम. छताच्या कडीला साखळीने टांगलेला नळ्यांचा सांगाडा. नवा रंग चढवायच्या आधी तिचा जुना रंग मुळापासून काढायचा होता. रंगारी येऊन बघून गेला. रंगाऱ्याचं म्हणणं सरळ होतं, "मला काय, तुम्ही जशी द्याल तशी मी रंगवीन. खाली गंज ठेवलात तर वर फोड येतील, मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

तेव्हा मी स्टूल ओढून कामाला लागले. रंग उतरवायचं रसायन ब्रशने लावायचं, थोडं थांबायचं, रंगाला सुरकुत्या पडून फोड आले की पट्टीने खरवडायचं. जोडांच्या कोपऱ्यांत तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, नंतर मऊ. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवायचे, नाहीतर रंग आत जाऊन बसतो आणि पुढे नवा बोल्ट शिरत नाही. वास असा की जेवणाला चव लागायची नाही. दादा सुट्टीच्या दिवशी यायचा, उलट्या बादलीवर बसायचा आणि फोनमधले फोटो बघून सांगायचा, "इथे अजून राहिलंय. तिथे जोर लाव." उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंटावर तरी चढावं लागतं. याला बादली पुरली.

वरचा रंग काळा होता. त्याखाली मरून निघाला, त्याखाली कारखान्याचा हिरवा. अशी वर्षं सोलत सोलत मी मागच्या डाव्या नळीपाशी आले, टेकूपाशी.

टेकू म्हणजे वितीएवढी लांब, जाड लोखंडी पट्टी. ती बाबांनी स्वतः वेल्ड केली होती. वेल्डिंग ओबडधोबड, कारण बाबा मोटारवाले, वेल्डर नव्हेत. मी शाळेत जायला लागले तेव्हा बाबा मला मागे बसवून न्यायचे. मी एका अंगावर बसायचे आणि माझा ताठ पाय फाटकाच्या अडसरासारखा रस्त्यात आडवा. येणारेजाणारे शिव्या घालायचे. मग बाबांनी ही पट्टी जोडली आणि तिच्यावर माझी टाच बसेल अशी लोखंडी वाटी बोल्टने आवळली. वर चामड्याचा पट्टा. टाच वाटीत ठेवायची, पट्टा ओढायचा, आणि मी राणीसारखी शाळेत. दरवर्षी पाय लांब व्हायचा, मग बाबा पट्टीवर आणखी खाली भोक पाडायचे आणि वाटी तिथे उतरवायचे. वरचं भोक लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवायचे. "वाढतेस किती गं," म्हणायचे, "पट्टी पुरायची नाही."

पट्टी पुरली. मीच पुरले नाही. दादाला नोकरी लागली आणि घरात ठरलं की तरण्या पोराला गाडी हवी. वाटी आणि पट्टा निघाले, गाडी काळी झाली. मी मोठी झाले होते, बसने जाऊ शकत होते. कॅलिपर घालून बसची पायरी चढून बघा एकदा, म्हणजे मोठं होणं कशाला म्हणतात ते कळेल. दादाने मागायच्या आधीच बाबांनी किल्ली त्याच्या हातात दिली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कंटाळले असतील, असं मी धरून चालले. लोढणं किती दिवस वाहणार माणूस? दादाही एकदा भांडणात म्हणाला होता, "सुटले बाबा तुझ्यातून." तो विसरला असेल. मी कशाला विसरेन?

टेकूवरचा रंग निघाला, लांबी निघाली, आणि एकाखाली एक चार भोकं उघडी झाली. प्रत्येकाभोवती वॉशर घासून झालेलं चकचकीत कडं. ती चार मला माहीत होती. त्यांच्या खाली पाचवं निघालं. त्यात लांबी नव्हती, नुसता काळा रंग बसून ते बुजलं होतं. खिळ्याने टोकरलं तर आरपार. कडा धारदार, भोवती कडं नाही. या भोकात बोल्ट कधी गेलाच नव्हता.

ते पुढच्या वर्षीचं होतं. बाबांनी आधीच पाडून ठेवलं होतं. कंटाळलेला माणूस पुढच्या वर्षीचं भोक पाडून ठेवत नाही.

मी रडले, त्यात लाज कसली? हातमोज्यांना रसायन लागलेलं, डोळे पुसायची सोय नाही, म्हणून तशीच रडत बसले. ज्या माणसावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात रुसले होते, तो वारूनही जमाना झाला होता. आता रुसवा काढू कुणापुढे?

दादा आला तेव्हा त्याला दाखवलं. सगळं सांगितलं, पाचव्या भोकासकट. त्याने बोट फिरवून पाहिलं. खरंच पाहिलं, तेवढं श्रेय त्याला देते.

"मला माहीतच नव्हतं गं," तो म्हणाला.

"हा टेकू काढायचा नाही, दादा. बाकी फ्रेम तुझी, तुला हवी तशी कर. एवढा राहू दे."

"अगं, काढतंय कोण? तुझाच आहे तो."

मी खूश झाले. त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा चांगला करून दिला.

पुढच्या खेपेला तो एका पाहुण्याला घेऊन आला. हे क्लबचे अध्यक्ष. मिशा अशा की आधी त्या आत आल्या, मग ते. प्रदर्शनात गाड्यांना गुण द्यायचं काम यांच्याकडे. मिशीवाल्यांनी फ्रेमभोवती प्रदक्षिणा घातली, जोड पाहिले, नंबर वाचला, मान डोलावली. टेकूपाशी येऊन थांबले.

"हे काय ठिगळ?"

मी दादाकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर स्टुलावर बसले होते, पाय समोर ताठ पसरून. कॅलिपर दिसत होता. दादालाही दिसत होता.

"ते होय?" दादा हसला. "कुणीतरी दुधाचे कॅन अडकवायला जोडलं असेल मधल्या काळात. काढणारच आहोत."

"काढाच. याच्यापायी गुण जातील. बाकी काम सुरेख आहे." मग माझ्याकडे वळून, "ताई, हात छान चालतो तुमचा."

कुणीतरी. दुधाचे कॅन. मी मूग गिळून बसले, कारण तोंड उघडलं असतं तर मिशीवाल्यांसमोर दादाची अब्रू गेली असती, आणि आपलेच दात आपलेच ओठ. ते गेल्यावर मात्र मी सोडलं नाही.

"मी दुधाचा कॅन का रे?"

"चारचौघांत काय सांगायचं मग? माझी बहीण लंगडी आहे म्हणून?"

"हो. तसंच सांगायचं. तीस वर्षं आहे मी तशी, अजून कुणी मेलं नाही त्याने."

"तू उगाच विषय वाढवतेस. तुला आता तुझी तीनचाकी स्कूटर आहे. त्या टेकूचा उपयोग काय? बाबांची गाडी प्रदर्शनात पहिली यावी असं नाही वाटत तुला?"

"बाबांनी त्या गाडीवर स्वतःच्या हाताने एवढी एकच गोष्ट केली, दादा. बाकी सगळं कारखान्याचं आहे."

"तेच तर," तो म्हणाला. "ते ओरिजनल नाही."

आणि त्याने माझाच ग्राइंडर उचलला. हा माणूस भिंतीत खिळा ठोकला तर खिळा वाकवतो आणि भिंत पाडतो. चकती त्याने आडवी धरली. ठिणग्या उडाल्या, ग्राइंडर उसळला, आणि चकती टेकूवरून घसरून नळीला चाटून गेली. नळीवर चरा पडला. अजून एकदा तसं झालं असतं तर नळी कापली गेली असती, आणि कापलेल्या नळीची फ्रेम म्हणजे भंगार.

"सरक," मी म्हणाले.

का म्हणाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हातांना वाईट काम बघवत नाही, एवढंच उत्तर सापडतं. टेकू जाणारच होता, हे त्याच्या हातातल्या ग्राइंडरवरून दिसत होतं. निदान बाबांची फ्रेम तरी वाचू दे. मी चकती उभी धरली, नळीपासून थोडं अंतर राखून पट्टी कापली, उरलेलं वेल्डिंग कानशीने हळूहळू उतरवलं, दादाने पाडलेला चरा भरून घेतला, आणि नळीची गोलाई परत येईपर्यंत पॉलिश पेपर फिरवत राहिले. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागणार नाही असं केलं. माझा टेकू मी स्वतः कापला आणि कापला तोही इतका सफाईने. कपाळ माझं.

कापलेली पट्टी फरशीवर पडली होती. दादाने ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"राहू दे तुला, आठवण म्हणून," तो म्हणाला. जशी काही त्याची होती आणि तो मला देत होता.

रंगारी फ्रेम घेऊन गेला आणि हिरवीगार करून घेऊन आला. गाडी जोडली गेली, प्रदर्शनात गेली, पहिली आली. येणारच होती. बक्षीस घेतल्यावर दादा गाडी आणि क्लबची मंडळी घेऊन थेट माझ्या दारात आला. त्याचा चेहरा फुलला होता. खोटं कशाला बोलू, गाडी बघून माझाही ऊर भरून आला. अगदी तीच, मी जन्मायच्या आधीची.

मिशीवाल्यांनी खाली वाकून डाव्या नळीवरून हात फिरवला. "वा! इथे कधी काही होतं असं वाटतच नाही."

"सगळं हिने केलंय बरं का," दादा मोठ्याने म्हणाला. "आणि म्हणून पहिली फेरी हिची. चल, बस. बाबा न्यायचे तशी नेतो तुला."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आणि मी मूर्ख, विरघळले. इतक्या वर्षांनी त्या सीटवर बसायचं होतं. काठी भिंतीला टेकवली, त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि एका अंगावर बसले, लहानपणी बसायचे तशी. पाय समोर ताठ, हवेत. टाच आपोआप खाली गेली, वाटी शोधायला.

"दादा, पाय कुठे ठेवू?"

तो हसत मागे वळला. मग खाली बघितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण हात नळीवर गेला, बरोबर त्या जागेवर, आणि तिथे चाचपत राहिला. तिथे काही नव्हतं. मीच काही ठेवलं नव्हतं.

"हाताने उचलून धर ना जरा," तो हळूच म्हणाला. "कोपऱ्यापर्यंतच जायचंय."

टाळ्या थांबल्या होत्या. सगळे माझ्या पायाकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

"राहू द्या ताई, उगाच पडाल," मिशीवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती.

मी उतरले. काठी घेतली. दादा म्हणाला, "आपण नंतर काहीतरी सोय करू," आणि मी म्हणाले, "हो." गाडी चालू होती, मंडळी खोळंबली होती, म्हणून मग मिशीवाले मागे बसले.

दादाने मान वळवून त्यांना विचारलं, "पाय नीट ठेवलेत ना?"

"ठेवले," मिशीवाले म्हणाले.